तळावर भेटू!

जून उजाडला की पुण्यातल्या झाडून सगळ्या ऑफिसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. ‘या वर्षी दिवे घाट कोण कोण करतंय?’ लगेच अंगठे येतात, जोडलेले हात येतात, कोणीतरी पांढऱ्या कुर्त्याची लिंक टाकतं. एक जण विचारतो, ‘परत यायची सोय काय?’ दुसरी विचारते, ‘वॉशरूम असतात का रे?’ मग चाळीस जणांच्या ग्रुपमधून अकरा जण हो म्हणतात, सहा जण हडपसरला भेटतात आणि सासवडला पोचतात ते चार!

थोडक्यात काय, तर वारी आता आपल्या कॅलेंडरमध्ये आली आहे. अप्रेजल, पावसाळी ट्रेक आणि गणपती यांच्या मध्ये कुठेतरी. आयटीवाल्यांची तर स्वतःची आयटी दिंडीही आहे. या एका दिवसाच्या वारकऱ्यांना नाकं मुरडणारे भरपूर आहेत. मी त्यातली नाही. एक दिवस तर एक दिवस! पण मित्रांबरोबर वारीला जायचं म्हणजे नेमकं कसं जायचं, हा प्रश्न आपण विचारतच नाही. ट्रेकला जातो तसंच, असं आपण धरून चालतो. सगळ्यांनी एकत्र निघायचं, एकत्र थांबायचं, एकत्र फोटो काढायचा आणि एकत्र परत यायचं.

तर मंडळी, वारीत हे चालत नाही. आणि चालत नाही तेच बरं आहे!

चार जण, पाच दिवस

२०२५ च्या जूनमध्ये आम्ही चौघांनी ठरवलं की नुसता घाट करून परत यायचं नाही. माउलींची पालखी त्या वर्षी २२ जूनला, रविवारी पुण्यातून निघणार होती. रविवार सासवड, सोमवार सासवडलाच मुक्काम, मंगळवार जेजुरी, बुधवार वाल्हे आणि गुरुवारी नीरा नदी ओलांडून लोणंद. पाच दिवस. लोणंदहून रात्रीची एसटी, शुक्रवारी ऑफिस.

आमची गँग सांगते. एक टेस्टर, जिच्या रजेचा अर्ज ‘रिलीज’च्या नावाखाली दोनदा परत आला होता. एक बँकवाला, जो देव मानत नाही पण वडापाव मानतो. मी फ्रीलान्स, त्यामुळे माझी रजा मीच मंजूर केली, अर्थात बिनपगारी! आणि चौथा आमचा मॅनेजर. मार्चपर्यंत तो खरोखरच मॅनेजर होता. मग एका सकाळी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये त्याच्यासकट अख्ख्या टीमला नारळ मिळाला. तेव्हापासून त्याने आमच्या शुक्रवारच्या भेटींना येणं बंद केलं होतं. फोन केला तर ‘बिझी आहे रे’. बिझी कशात, ते आम्ही विचारत नव्हतो आणि तो सांगत नव्हता. वारीला मात्र तो एका मेसेजमध्ये तयार झाला.

टेस्टरचे मामा साताऱ्याकडच्या एका दिंडीबरोबर चालतात. ही त्यांची एकोणिसावी वारी. मधली २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं सोडून, कारण कोरोनामुळे तेव्हा पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी बसले. २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा आळंदीत आपण ढसाढसा रडलो, असं मामा अगदी सहज सांगतात. त्यांच्या शब्दावर दिंडीत आमची सोय झाली. पाच दिवसांची भिशी भरली. (आपल्या ऑफिसातली नंबर लागणारी भिशी नव्हे! दिंडीत भिशी म्हणजे जेवणखाणाची वर्गणी.) ट्रकमध्ये पिशव्या टाकल्या. मग मामांनी आम्हाला समोर उभं केलं आणि नियम सांगितला.

“चालताना एकमेकांना धरून राहायचा हट्ट करायचा नाही. गर्दीत चौघं हात धरून चाललात तर मागच्यांची वाट अडते. ज्याला जसं जमेल तसं चालावं. नंबर पाठ ठेवा. तळावर भेटू.”

बँकवाल्याने लगेच लाइव्ह लोकेशन शेअर केलं. हडपसरच्या पुढे लाखोंच्या गर्दीत नेटवर्कने मान टाकली आणि आमचे चारही ठिपके नकाशावर जे गोठले ते संध्याकाळपर्यंत तसेच!

ही गर्दी नाही, बरं का

लांबून बघताना वारी म्हणजे नुसता लोंढा वाटतो. आत शिरलं की कळतं, की हे प्रकरण आपल्या कुठल्याही इव्हेंट कंपनीपेक्षा जास्त शिस्तीचं आहे. माउलींच्या रथाच्या पुढे काही दिंड्या आणि मागे बऱ्याच जास्त. प्रत्येकीला नंबर. कोणाला पत्ता विचारला की उत्तर येतं, ‘रथाच्या मागे, अमुक नंबर’. बस्स, एवढाच पत्ता! दिंडीत पुढे भगव्या पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, त्यामागे विणेकरी, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या आणि पाण्याच्या कळशा घेतलेल्या बायका. काकड्यापासून हरिपाठापर्यंत कुठल्या वेळी काय म्हणायचं हेही ठरलेलं. कोणी प्लेलिस्ट बदलत नाही.

या शिस्तीमागे एक माणूस आहे. हैबतबाबा आरफळकर. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. ज्ञानेश्वरांच्या पादुका पालखीत घालून आळंदीहून पंढरपूरला न्यायचा आजच्या रूपातला सोहळा त्यांनी १८३२ च्या सुमारास सुरू केला. (तुकोबांची पालखी त्याहून जुनी. त्यांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी ती १६८५ च्या सुमारास सुरू केली.) सरदारच तो! नंबर, तळ, घोडे, चोपदार हे सगळं फौजेसारखं लागलेलं आहे. माउलींचे अश्व आजही कर्नाटकातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात.

या शिस्तीचा सगळ्यात भारी नमुना संध्याकाळी तळावर बघायला मिळतो. समाज आरतीसाठी सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार आपला दंड वर करतो आणि... शांतता. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकतो, निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्याच्या घोषणा होतात आणि आरती. टेस्टर माझ्या कानात म्हणाली, “आमच्याकडे तिकीट रेज केलं की तीन आठवडे ‘ओपन’ असतं. इथे टाळ वाजवला की क्लोज!”

दिवे घाटातला रविवार

आता थोडं न आवडणारं. पुण्यातून दोन्ही पालख्या एकाच सकाळी निघतात. हडपसरला वाटा फुटतात. तुकोबा लोणी काळभोरकडे, माउली सासवडकडे. सासवडचा टप्पा तीसएक किलोमीटरचा, अख्ख्या वारीत दमवणारा, आणि वर घाटाची चढण. रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. त्यात तो रविवार असला तर अर्धं पुणं लोटतं. खाली मस्तानी तलाव, वर ढग, मध्ये पताकांची लांबच लांब रांग. फोटो काढावासा वाटणारच, त्यात काही पाप नाही.

पण मी चढताना बघितलं. रील काढायला दहा-बारा जणांचं टोळकं रस्त्याच्या मधोमध गोल करून उभं होतं. मागून एक दिंडी येत होती. तिच्या मृदंगवाल्याला दोन पावलं बाजूला सरकावं लागलं, टाळकऱ्यांची ओळ मोडली, आणि मागच्या एका आजींच्या डोक्यावरची तुळस हलली. आजी काही बोलल्या नाहीत. “चला माउली,” एवढंच. त्या आळंदीपासून चालत होत्या आणि त्यांना पंढरपूरपर्यंत जायचं होतं. अडीचशे किलोमीटरच्या वाटेवरचा तो त्यांचा एक दिवस होता. टोळक्याचा तो एकुलता एक दिवस होता. रस्ता मात्र एकच.

ते टोळकं वाईट होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. कदाचित ते सगळे माझ्यासारखेच असतील, भले. पण ‘आपली गँग’ म्हणून चालायला लागलं की आजूबाजूचं काही दिसेनासं होतं. आपण सहा जण, आपला फोटो, आपला बिस्किटाचा पुडा. सुटे चाललात की बाजूला कोण आहे ते दिसतं. मामांच्या नियमात हा मुद्दा होता, तो मला घाटमाथ्यावरच्या मोठ्या विठ्ठलमूर्तीपाशी पोचेपर्यंत नीट कळला.

“गाव कोणतं?”

सोमवारी सासवडला आराम. कऱ्हेच्या काठी कपडे धुतले, सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं. टेस्टरने देवळाच्या ओट्यावर बसून एक क्लायंट कॉलही उरकला. (मागे टाळ वाजत होते. क्लायंटला वाटलं, कनेक्शनमध्ये काहीतरी गडबड आहे.)

मंगळवारी जेजुरीच्या वाटेवर मॅनेजर सकाळीच दिसेनासा झाला. हा टप्पा सोपा, सोळा-सतरा किलोमीटरचा. दुपारच्या विसाव्यालाही तो नाही. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला गेला, आम्ही तिघं नखशिखांत पिवळे झालो, तरी हा गायब. तळावर पोचलो तर स्वारी तंबूच्या दोरीला टेकून बसलेली. खांद्यावर लाल वळ.

झालं होतं असं की परभणीकडच्या एका दिंडीत एक आजी पाण्याची कळशी घेऊन चालत होत्या आणि त्यांचा खांदा दुखत होता. याने कळशी मागितली. त्या ‘नको’ म्हणाल्या. याने पुन्हा मागितली. मग जेजुरीपर्यंत हा त्या दिंडीतल्या टाळकऱ्यांना पाणी देत चालला. कळशी रिकामी झाली की टँकर गाठायचा, भरायची, पळत दिंडी गाठायची.

“किती महिन्यांनी माझी कोणाला तरी गरज लागली यार,” असं तो म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. माझ्यातल्या कॉलमवालीला असलं वाक्य फार हवं असतं ना! तो तसलं काही बोलला नाही. तो म्हणाला, “तीन दिवस झाले. इथे मला एकाने पण ‘सध्या काय करतोस’ विचारलं नाही. सगळे विचारतात, गाव कोणतं?”

बघा विचार करून. आपण नव्या माणसाला भेटलो की पहिला प्रश्न काय असतो? ‘कुठे असतोस?’ म्हणजे कुठल्या कंपनीत. ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही तो मग भेटायचंच टाळतो. आमचा मॅनेजर तेच करत होता.

अर्थात, वारीत सगळं गोडगोडच असतं असंही समजू नका. गावाच्या पाठोपाठ ‘आडनाव काय?’ विचारणारेही आम्हाला भेटले. दोनदा. इरावती कर्वे यांचा वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख वाचला नसेल तर जरूर वाचा. एकाच दिंडीत बरोबर चालणारी, बरोबर गाणारी माणसं जेवायच्या वेळी मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांना किती सलत होतं ते त्यांनी लिहून ठेवलंय. आमच्या दिंडीत पंगत एकच होती. तरीही आडनावाचा प्रश्न आला तेव्हा मला तो लेख आठवला. एकमेकांच्या पाया पडताना सगळे ‘माउली’ म्हणतात. त्या हाकेत आडनाव नसतं, हुद्दा नसतो. ती हाक दिवसभर कानावर पडत राहते, म्हणून तो एक प्रश्न जास्तच खुपतो.

वाल्ह्याची रात्र

बुधवारी वाल्ह्याच्या तळावर पाऊस होता. ताडपत्रीखाली आम्ही चौघं. पिठलं-भाकरी झालेली, पाय मीठ घातलेल्या गरम पाण्यात. दिवसभर चौघं चार दिशांना होतो, त्यामुळे प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी होतं. बँकवाला एका हवालदाराबरोबर चालला होता, जो दरवर्षी रजा टाकून येतो. टेस्टरला एका बाईंनी सांगितलं होतं की बायका पहाटे दोन-अडीचला उठून आंघोळी उरकतात, कारण उजाडल्यावर आडोसा मिळत नाही. फिरती शौचालयं आली तेव्हापासून निदान एक काळजी मिटली.

आणि मग, कोणी काही विचारलेलं नसताना, मॅनेजर म्हणाला, “मी घरी सांगितलेलं नाहीये.”

मार्चपासून! आई-बाबांना वाटत होतं की पोरगा वर्क फ्रॉम होम करतोय. रोज सकाळी हा लॅपटॉप उघडून बसत होता. फ्लॅटचा हप्ता सेव्हिंगमधून जात होता आणि सेव्हिंग ऑगस्टपर्यंत पुरणार होतं.

कोणीच ‘अरे मग आम्हाला का नाही सांगितलंस’ असं म्हटलं नाही. बँकवाल्याने मोबाइलचा टॉर्च लावला, माझी वही मागितली आणि आकडे मांडायला बसला. हप्ता किती, मुदत किती राहिली, एकही हप्ता चुकायच्या आत बँकेत जाऊन काय बोलायचं, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागायचा तर कसा मागायचा. “चुकल्यावर गेलास तर तू डिफॉल्टर. आधी गेलास तर तू कस्टमर,” तो म्हणाला. देव न मानणाऱ्या माणसाचं हे कीर्तन रात्री साडेदहापर्यंत चाललं.

गुरुवारी नीरेच्या काठी दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना स्नान झालं. पलीकडे सातारा जिल्हा. त्या गर्दीतून जरा बाजूला जाऊन, नेटवर्क सापडल्यावर, मॅनेजरने वडिलांना फोन लावला. काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. फोन अठरा मिनिटं चालला, एवढं त्याने सांगितलं.

वारीहून आला आणि त्याला नोकरी लागली, असं लिहिलं असतं तर काय झकास शेवट झाला असता! नोकरी लागली, पण नोव्हेंबरात, आणि एका जुन्या कलीगच्या रेफरलमुळे. मधले महिने कठीणच गेले. फरक इतकाच, की ते त्याने एकट्याने काढले नाहीत. शुक्रवारी तो पुन्हा यायला लागला.

मला वाटतं, वाल्ह्याला तो बोलला कारण दिवसभर आम्ही त्याच्या अवतीभवती नव्हतो. आपली मैत्री हल्ली चोवीस तास ‘ऑनलाइन’ असते. एकमेकांचं ब्रेकफास्टपासून सगळं माहीत असतं, त्यामुळे भेटल्यावर सांगायला काही उरत नाही. आणि जे खरं सांगायचं असतं ते ग्रुपवर टाकता येत नाही. दिवसभर एकमेकांना सोडायचं आणि रात्री ठरल्या जागी नक्की भेटायचं, यात दोन्ही आलं. मोकळीकही आणि भरवसाही.

स्पेनमधल्या कॅमिनो डी सांतियागोला जाऊन आलेल्या मित्रांच्या भिंतीवर सर्टिफिकेट बघितलंय मी. किमान १०० किलोमीटर पायी चालल्याचे शिक्के दाखवले की ते मिळतं. छानच आहे. वारीत शिक्का नाही, सर्टिफिकेट नाही, लिंक्डइनवर टाकण्यासारखं काही नाही. लोणंदला मामा आम्हाला एसटी स्टँडपर्यंत सोडायलाही आले नाहीत, कारण हरिपाठाची वेळ झाली होती.

जायचंय? मग हे वाचा

कधी: तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला, माउलींची आळंदीहून अष्टमीला निघते. दरवर्षीचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. मुक्काम बघा आणि मगच रजा टाका.

कोणाबरोबर: ओळखीतून एखादी दिंडी गाठा. भिशी किती ते आधी विचारा आणि आधीच भरा. दिंडीचा नंबर आणि ‘रथाच्या पुढे की मागे’ हे हातावर पेनाने लिहा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

पायात काय: नवे कोरे शूज अजिबात नकोत. वापरून मऊ झालेले घाला. बोटांच्या मध्ये व्हॅसलीन, पिशवीत जादा मोजे. छत्रीपेक्षा प्लॅस्टिकचं इरलं बरं, दुसऱ्याच्या डोळ्यात काडी जात नाही.

मुलींसाठी: तळावरची फिरती शौचालयं कुठे आहेत ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा. आंघोळीसाठी दिंडीतल्या बायकांबरोबरच पहाटे उठा, त्यांना सगळ्या जागा माहीत असतात.

द्यायचंच असेल तर: रस्त्यात बिस्किटं वाटण्यापेक्षा दिंडीच्या भिशीला हातभार लावा, किंवा दुखऱ्या पायांसाठी मलम द्या. पुण्यात मुक्काम असतो तेव्हा कोणी वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतो, कोणी दाढी करून देतो. आपल्याला जे काम येतं ते द्यावं. अगदी कळशीसुद्धा चालते!

आणि फोटो: जरूर काढा. रस्त्याच्या कडेला उभं राहून.